आडे साहेबांचा अकरावा नियम

आडे साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीवर आडे साहेब बसलेले मी एकदाही पाहिले नाहीत. सभा समाजमंदिरात असो की कोणाच्या ओसरीवर, साहेब येणार म्हटलं की कुठून तरी एक प्लॅस्टिकची खुर्ची यायची आणि तिच्यावर टॉवेलही अंथरला जायचा. साहेब यायचे, खुर्चीकडे कौतुकाने बघायचे, आपली खाकी पिशवी आणि दोन फायली तिच्यावर ठेवायचे आणि स्वतः सतरंजीच्या पार मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचे. मग सभाभर लोक त्या पिशवीला उद्देशून बोलत. मला सुरुवातीला हे नाटकी वाटलं. साध्या माणसाने साधेपणाचं प्रदर्शन मांडू नये, असं माझं आपलं मत आहे. पण साधेपणाचा त्यात काही संबंध नव्हता. मागच्या कोपऱ्यातून त्यांना सगळ्यांच्या पाठी दिसत, आणि बोलायला उठता उठता कोण परत बसलं हे पाठीवरून नीट कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मीही पाठी बघायला लागले. त्यांचं म्हणणं खरं आहे.

थावरसिंग आडे सहकार खात्यातून निवृत्त झालेले. जन्म दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यातला. "माह्या आज्याच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, मी फायली वाहून राह्यलो," असं ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवत आणि समोरच्याने हसावं की नाही हे त्याच्यावर सोडत. अंगाने किरकोळ, शर्टाच्या बाह्या कायम मनगटापर्यंत बंद, आवाज मात्र तांड्याच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायच्या मापाचा. आईचा विषय निघाला की "याडी" म्हणत आणि तेवढ्यापुरता तो आवाज खाली येई.

यवतमाळात आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं कार्यालय होतं. एखाद्या कारखान्याचा मालक थकला, विकायला निघाला, आणि तिथल्या कामगारांनी 'आम्हीच चालवतो' म्हटलं, तर त्यांची सहकारी संस्था उभी करून द्यायची, हे आमचं काम. भांडवल पुण्याच्या समितीकडून यायचं आणि सल्ला आडे साहेबांकडून. बँक कर्ज देताना तारण बघते. साहेब सभा बघत. त्यांनी शिफारस लिहिली नाही तर पुण्याहून काही येत नसे, त्यामुळे या हाडकुळ्या माणसाच्या मर्जीवर पुष्कळांच्या चुली अवलंबून होत्या. त्यांना स्वतःला ही गोष्ट अजिबात आवडत नसे.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. मी चौदा वर्षं एका पतसंस्थेत लेखनिक होते, ताळेबंद पाठ करून गेले होते. साहेबांनी विचारलं, "आज घरी भाजी कोणती केली?"

"गवार."

"कोणं ठरवलं?"

"मीच. स्वयंपाक मीच करते."

"तुमाले आवडते?"

मी पदर सारखा केला. गवार माझ्या सासऱ्यांना आवडते. मला तिचा वास नकोसा होतो, आणि लग्न झाल्यापासून आठवड्यातून दोनदा मी ती स्वतः ठरवून करत आले होते. साहेबांनी फाइल मिटली. "बस, झालं. सोमवारपासून या, गावंडे बाई." मला भयंकर राग आला होता. नोकरी मिळाल्याचं घरी सांगायलाही मी संध्याकाळपर्यंत विसरले. त्या आठवड्यात आमच्याकडे गवार झाली नाही.

ठरवतं कोण, हा एकच प्रश्न त्या माणसाला आयुष्यभर पुरला होता. तर्री-पोह्याच्या गाडीवर गेलो की तर्री किती तिखट करायची हे ठरवतं कोण, गाडीवाल्याची बायको की गिऱ्हाईक, याची चौकशी. एसटीत ड्रायव्हरच्या मागची सीट धरून बसत आणि त्याला हैराण करत. राळेगावच्या रस्त्यावर एका आडवळणाला गाडी थांबायची. तिथे ना फाटा, ना वस्ती. तीन ड्रायव्हरांना विचारून साहेबांनी छडा लावला. तिथल्या शेतात पूर्वी एक मास्तर राहत, त्यांच्यासाठी गाडी थांबे. मास्तर बदली होऊन गेले त्याला जमाना झाला. "अन् गाडी अजून थांबते!" साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी मला कंडक्टरसमोर टाळी दिली. मला वाटलं, झालं, एवढ्याने यांचं समाधान झालं. पण दुसऱ्या खेपेला ते तिथे उतरले आणि वळणावर कोणी चढतं का ते बघत उन्हात तासभर उभे राहिले.

'सर्वानुमते' हा शब्द त्यांना सहन होत नसे. एखाद्या संस्थेचं इतिवृत्त वाचताना तो आला की चष्मा काढून ठेवत.

"विरोध कोणाचा होता?"

"कोणाचाच नाही साहेब. सारे एका मताचे."

"तेवीस माणसं अन् एक मत? घरात दोघायचं होत नाही वो. मंग सभा झालीच नाही. वापस घ्या."

लोकांना वाटे, साहेब भांडणं लावायला आले आहेत. एका गावात तर त्यांच्या समाधानासाठी लोकांनी एका म्हाताऱ्याला विरोधक म्हणून नेमलं. तो दर ठरावाला इमानदारीने "माहा विरोध" म्हणे आणि तंबाखू मळायला लागे. साहेबांनी त्याला कशाला विरोध आहे ते विचारलं. तो म्हणाला, "ते यायले विचारा, मले फक्त म्हणाचं सांगितलं." साहेब महिनाभर ही गोष्ट सांगून हसत होते, पण त्या गावाची शिफारस त्यांनी लिहिली नाही.

वणीची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. कोळशाच्या ट्रकांच्या बॉड्या बांधणारा एक कारखाना तिथल्या वेल्डर, सुतार आणि रंगाऱ्यांनी मिळून घेतला. अठरा जण. आदल्या दिवशी नारळ फुटला, पेढे झाले, जुन्या मालकाने किल्ल्यांचा जुडगा अध्यक्षाच्या हाती दिला. अध्यक्ष म्हणजे शंकर वेल्डर, बावीस वर्षं तिथेच काम केलेला. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी पोचलो तर अठराच्या अठरा माणसं गेटबाहेर डबे घेऊन उभी. चंद्रपूरकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते आणि ही मंडळी रुमाल नाकाला लावून उभी होती.

"काहून उभे आहा?" साहेबांनी विचारलं.

"गेट नाही उघडलं ना अजून," शंकर म्हणाला.

"किल्ली कोणाजवळ आहे?"

शंकरने खिसा चाचपला. त्याचा चेहरा उतरला. "माह्याजवळच आहे." मग कसनुसं हसून म्हणाला, "मले वाटलं, कोणी तरी उघडन."

बावीस वर्षं गेट मुकादम उघडत होता. मुकादम मालकाबरोबर गेला, पण गेटबाहेर उभं राहायचं तसंच राहिलं. मला हसू आवरेना. साहेब मात्र रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मी मागोमाग गेले. "हसू नका, बाई," ते म्हणाले, "आपणही कुठं ना कुठं असेच उभे असतो." शंकरला कुलपापर्यंत जायला बराच वेळ लागला. किल्ली लावण्याआधी त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. साहेब तेवढ्यात टपरीवाल्याकडे बघत होते, मुद्दाम.

आता राळेगावचं सांगते, कारण खरे आडे साहेब मला तिथे दिसले.

राळेगावला तुरीची एक डाळ मिल होती. शेठ सत्तरी ओलांडलेले, मुलं बाहेरगावी, धंदा झेपेना. जागा विकत घ्यायला एक जण टपून बसला होता. त्याला मिल पाडून लग्नाचं लॉन करायचं होतं. मिलमध्ये तेवीस माणसं कामाला. चार पुरुष पोती वाहणारे, बाकी सगळ्या डाळ निवडणाऱ्या बाया. शेठ माणूस बरा. त्यांनी बायांना सांगितलं, "तुम्ही चालवत असाल तर भाड्याने तुम्हाला देतो. पण संक्रांतीपर्यंत कागद झाले पाहिजेत. त्यानंतर नवी तूर येईल, आणि मी कोणाला शब्द दिलेला नाही." म्हणजे संक्रांतीच्या आत संस्था उभी राहून पुण्याची मंजुरी आली तर तेवीस जणांना हक्काची मिल, नाही तर त्याच तारखेला तेवीस जण घरी. दुसरं काम त्या गावात शेतातलंच, आणि तेही हंगामापुरतं.

पुढाकार सिंधुबाईंचा होता. तोंडाने फटकळ, कामाला वाघ, शेठलाही न घाबरणारी बाई. दुसरी लक्षात राहिली ती सुमनबाई. चाळणीजवळ बसून खडे आणि काळे दाणे वेचायची. घरी गोंडी बोलायची, सभेत काहीच बोलायची नाही. साहेबांच्या भाषेत, उठता उठता परत बसणाऱ्या पाठींपैकी सगळ्यात जास्त वेळा उठू पाहणारी पाठ तिची.

संस्थेचे पोटनियम, म्हणजे कारभार कसा चालवायचा त्याचे नियम, साहेबांनी स्वतः लिहून आणले. मी टाइप केले. अकराव्या नियमाशी माझी बोटं थांबली. 'सभासदांत मतभेद झाल्यास सल्लागारांचा निर्णय अंतिम राहील.' सल्लागार म्हणजे खुद्द आडे साहेब.

"साहेब, हे काय?"

"टाका तसंच."

"अहो, पण मग मालक तुम्ही झालात!"

"हाव," साहेब म्हणाले. "पाहू, कोणाले दिसते का."

तेव्हा मला कळलं की प्रत्येक संस्थेच्या कागदात साहेब एक नियम असा घालतात. कुठे अध्यक्ष तहहयात, कुठे आजारी पडला त्याचं मत रद्द. लोकांनी तो पकडला, भांडून काढायला लावला, की साहेब शिफारस लिहीत. नाही पकडला तर पुन्हा सभा. बाकीच्या ठिकाणी नियम ढळढळीत चुकीचा असे, कोणी ना कोणी बोंब मारी. राळेगावला त्यांनी चूक अशी घातली की ती बायांना गोड वाटली.

पहिल्या सभेत मी अकराही नियम मोठ्याने वाचले. अकरावा ऐकून सिंधुबाईच म्हणाल्या, "हे बरं केलं साहेब. आमच्यात झगडा झाला तं तुम्ही आहाच." सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वानुमते. दुसऱ्या सभेत तेच. तिसऱ्या सभेत साहेब स्वतः म्हणाले, "एकडाव नीट इचार करा, कोणता नियम बदलाचा आहे का?" एका बाईने हात वर केला. मला वाटलं, आली गाडी रुळावर. ती म्हणाली, "साहेब, चहाचा टाइम चारचा ठेवा."

दिवस जात होते. शेठकडे लॉनवाला जाऊन येऊन असायचा. शेवटी मला राहवेना. एकदा साहेब शेठकडे गेले असताना मी सुमनबाईला चाळणीपाशी गाठलं आणि म्हटलं, "अकरा नंबर परत वाच ग." ती हसली. "वाचलं वो मॅडम. चांगलंच तं आहे. साहेब देवमाणूस आहे." मी कपाळावर हात मारला.

परतीच्या गाडीत साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगून आल्या ना तुम्ही? मले माहीत होतं, सांगसान."

माझा तोल गेला. "मग काय करू? तेवीस माणसं रस्त्यावर येतील तुमच्या परीक्षेपायी. त्यांच्या पोटाशी खेळताय तुम्ही!"

गाडीतले चार जण वळून बघायला लागले. साहेबांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग, त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात, त्यांनी मला केळापूरकडची गोष्ट सांगितली. नोकरीत असताना त्यांनी तिकडे दगडखाणीवरच्या मजुरांची संस्था उभी केली होती. त्यांच्या हातची पहिलीच. वार्षिक सभेला सरकारी माणूस म्हणून तेच हजर होते. अध्यक्षाने बारा ठराव भराभर वाचले. पहिल्या ठरावाला वर झालेले हात बाराव्यापर्यंत खाली आलेच नाहीत. त्यात नववा ठराव होता, निम्म्याहून जास्त मजुरांचं सभासदत्व रद्द करण्याचा.

"ज्यायचं नाव कापलं, त्यायचेच हात वर होते," साहेब म्हणाले. "म्हणत होते, अध्यक्ष वाचून राह्यला, म्हणजे बरोबरच असन. कायद्यानं सारं ठीक होतं. गणपूर्ती होती, सूचक होता, अनुमोदक होता. मी सही केली. आठ दिवसानं ते लोक आपल्याच खाणीवर रोजंदारीनं दगड फोडत होते. त्या सभेत वाचता येणारे दोघंच होते, बाई. एक अध्यक्ष. दुसरा मी."

मग म्हणाले, "नाही म्हणता येत नसन, तं त्यायले मालक करून काय उपयोग? पुढचा कोणी येईन, गोड बोलन, अन् घेऊन जाईन. त्याच्यापरीस लॉन झालेलं बरं."

शेवटचं वाक्य मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांच्याशी भांडायचं मी बंद केलं.

चौथी सभा संक्रांतीच्या दोन दिवस आधी, दुपारी, मिलच्याच गोदामात झाली. टॉवेल घातलेल्या खुर्चीवर पिशवी, मागच्या कोपऱ्यात साहेब. त्या दिवशी विषय मिल चालवायच्या आराखड्याचा होता, आणि तो साहेबांनी खपून केला होता. त्यात एक मशीन होती, सॉर्टेक्स म्हणतात ती. डाळीचा रंग ओळखून खराब दाणा आपोआप बाजूला फेकणारी. मोठ्या मिलवाल्यांकडे ती असतेच. हाताने निवडलेली डाळ त्यांच्यापुढे टिकणार नाही, असं साहेबांचं म्हणणं. निवडणाऱ्या बाया पॅकिंगला आणि विक्रीला लावायच्या, एकीचंही काम जाणार नाही. साहेबांनी समजावलंही छान. सिंधुबाईला मशीन आवडली. हमाल खूश. सगळं पुन्हा सर्वानुमते होणार असं दिसायला लागलं.

आणि सुमनबाईची पाठ उठली. या वेळी परत बसली नाही.

"मशीन चालवन कोण?" तिने विचारलं.

"माणूस ठेवा लागन," साहेब म्हणाले. "शिकलेला. नागपूरचा मिळते."

"म्हणजे तो बाहेरचा. मशीन बंद पडली तं तोच पाहीन. तो आला नाही तं मिल बंद. मंग आमी त्याची मर्जी सांभाळाची." तिने बायांकडे पाहिलं. "म्हणजे मुकादमच झाला ना तो? आमाले निवडाचं काम येते. पहिलं साल हातानं करू. मशीन मंग पाहू."

गोदामात कुजबुज सुरू झाली. साहेब पुढे सरकून बसले, बोटांवर मुद्दे मोजत पुन्हा समजावू लागले, आवाज चढला. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. सुमनबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही म्हणता घ्या. आमी म्हणू नाही. तं मंग अकरा नंबर प्रमाणं कोणाचं चालन?"

साहेब सतरंजीकडे बघत म्हणाले, "कागदात लिहिलं आहे तसं. माझं."

एकदम गलका झाला. ज्या सिंधुबाईने तो नियम डोक्यावर घेतला होता, तीच सगळ्यात मोठ्याने ओरडायला लागली. "असं कसं साहेब? मंग शेठमंदी अन् तुमच्यामंदी फरक काय?" कोणी म्हणे साहेबांचं चांगल्यासाठीच आहे, कोणी म्हणे चांगल्यासाठी असो की वाईटासाठी, कागदावर नको. अखेर सुमनबाई साहेबांपर्यंत चालत गेली आणि अगदी अदबीने म्हणाली, "साहेब, तुम्ही जराक बाहेर बसता का? आमाले बोलाचं आहे." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही पण."

आम्ही दोघं बाहेर ओट्यावर रिकाम्या पोत्यांवर बसलो. दार आतून लोटलं गेलं. आतलं नीट ऐकू येत नव्हतं. नुसते आवाज चढत होते, उतरत होते. मी साहेबांना म्हटलं, "झालं की तुमच्या मनासारखं." ते पोत्याचा एक सुटा धागा ओढत बसले होते, आणि आतून काही मोठा आवाज आला की मान वर करत.

तासाभराने दार उघडलं. सुमनबाईच्या हातात वही होती. तिने अडखळत वाचून दाखवलं. अकरावा नियम काढला. मशीन यंदा घ्यायची नाही. मशीनच्या बाजूने नऊ, विरोधात चौदा. सिंधुबाई त्या नऊ जणांत होत्या आणि तसं त्यांनी नावानिशी लिहायला लावलं होतं. "बरोबर लिहिलं का साहेब?" सुमनबाईने विचारलं. साहेबांनी वही घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाले, "एकदम बरोबर."

शिफारस त्यांनी तिथेच ओट्यावर बसून लिहिली, गुडघ्यावर फाइल ठेवून. ती पुण्याला पाठवली मीच, म्हणून मजकूर मला पाठ आहे. 'आराखड्यातील यंत्राबाबतचा माझा सल्ला सभासदांनी चर्चेअंती नाकारला आहे. सबब भांडवल देण्यास ही संस्था पात्र आहे, अशी माझी शिफारस आहे.' समितीतल्या कोणाला तरी ही लेखनातली चूक वाटली. त्यांनी फोन करून मला विचारलं, 'सबब'च्या जागी 'तरीही' हवं होतं का? मी सांगितलं, नाही, सबबच. मंजुरी वेळेत आली, शेठने कागदांवर सही केली आणि लॉनवाला दुसरी जागा बघायला गेला.

पण ते दोन दिवसांनी. त्या संध्याकाळी आम्ही राळेगावच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट बघत उभे होतो, आणि मला एक गोष्ट विचारल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

"साहेब, खरं सांगा. मशीनचं तुम्ही मुद्दामच घातलं होतं ना? त्यांनी नाही म्हणावं म्हणून?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारलं हीच चूक झाली असं मला वाटलं.

"नाही वो. अकरा नंबर मुद्दाम टाकलता. मशीन मी मनापासून सांगितलती. रात्र रात्र बसून हिशोब केला होता तिचा. अजूनही म्हणतो, पाह्यजे होती. त्यायचं चुकून राह्यलं." पिशवी खांद्यावर घेत म्हणाले, "चुकू द्या. चुकाचा हक्क आहे त्यायले." आणि मग, रस्त्याकडे बघत, "पण लागलं, बाई. लय लागलं. इतके वर्ष मी लोकायले म्हणत आलो, मले नाही म्हणा, मले नाही म्हणा. आज म्हणलं, तं घशाखाली उतरत नाही."

इतरांच्या मनात काय चाललंय हे पाठीवरून ओळखणारा माणूस स्वतःच्या मनापुढे असा गोंधळून उभा होता, आणि मला त्याची फार माया आली. ती बोलून दाखवायला हवी होती. त्यानंतर महिन्याभरातच साहेब काम सोडून तांड्यावर राहायला गेले, मी दुसऱ्या तालुक्यात अडकले, आणि राहिलं ते राहिलंच.

त्या संध्याकाळी तेवढ्यात मिलच्या बाया सुटून स्टँडवरून घरी निघाल्या. सगळ्या मोठमोठ्याने बोलत होत्या. सिंधुबाई हात उडवून सांगत होत्या, "पाहाच तुम्ही, पुढच्या साली मीच मशीन आणते का नाही!" सुमनबाई म्हणत होती, "आण ना, पण आधी चालवाले शिक." बाकीच्या दोन्हीकडून भर घालत होत्या. आमच्यापासून दहा पावलांवरून त्या चालल्या होत्या. एरवी साहेब दिसले की सगळ्यांची बोलणी बंद व्हायची, पदर सावरले जायचे, नमस्कार व्हायचे. मी हाक मारायला हात वर केला.

"राहू द्या," साहेब पुटपुटले, आणि चटकन स्टँडच्या खांबामागे सरकले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांनी घाई केली नाही.

बायांचं आमच्याकडे लक्षही गेलं नाही. भांडत भांडत त्या पानठेल्यापाशी वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्यांचे आवाज ऐकू येईनासे होईपर्यंत साहेब खांबामागून बाहेर आले नाहीत.